दगड पास झाला होता, भिंत नापास झाली

सरकारी बांधकामाचं बिल निघायचं असेल तर फाइलला एक कागद लागतो. क्यूब टेस्ट रिपोर्ट. शाळेची खोली असो, नाल्यावरचा पूल असो की गल्लीतला सिमेंट रस्ता, काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत फोडून बघितले आणि ते पास झाले, असं त्या कागदावर असतं. हा कागद गुत्तेदाराला माहीत असतो, जेई साहेबांना माहीत असतो, बिल काढणाऱ्या बाबूला माहीत असतो. ज्या गावच्या लेकरांनी त्या खोलीत बसायचं, त्या गावाला तो कधी दिसत नाही.

लातूर-नांदेडच्या माणसाला तरी हा कागद वाचता आला पाहिजे, असं मला वाटतं. घराच्या सामानाची आणि जोडणीची ताकद न तपासता त्याखाली झोपलं की काय होतं, हे आपल्या भागानं पाहिलंय. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. औसा तालुक्यातलं किल्लारी, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत भुईसपाट झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास. आता ही तुलना बघा. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ चा भूकंप झाला. आपल्यापेक्षा मोठा, तोही दाट वस्तीच्या शहराखाली. तिथले मृत्यू शंभराच्या आत. धरणी तिकडंही हललीच होती. फरक घरांत होता.

आपली घरं कशाची होती? काळ्या दगडाची. आणि हा दगड काही कच्चा नव्हता. दख्खनचा घट्ट बसाल्ट प्रयोगशाळेत दाबयंत्राखाली ठेवला तर दर चौरस मिलिमीटरला शंभर न्यूटनपेक्षा जास्त दाब सहन करतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक टन वजन. आज आपण घराच्या स्लॅबला जे एम-२० काँक्रीट वापरतो, त्याची ताकद असते वीस. दगड काँक्रीटच्या पाचपट भारी! क्यूब टेस्टच्या हिशेबानं बघितलं तर किल्लारीचा दगड डिस्टिंक्शनमध्ये पास होता.

मग भिंत का पडली? ती भिंत आतून कशी होती ते आठवा. दोन-अडीच फूट, कुठं त्याहूनही जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर, मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दगडाला दगड चिकटवायला चिखल. दोन्ही थरांना एकमेकांत बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर लाकडी माळवद, त्यावर फूट-दीड फूट माती. गळायला लागलं की दरवर्षी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, चोराला भोक पाडायला अवघड. शेकडो वर्षं हे घर चाललं, कारण शेकडो वर्षं त्याला फक्त वरून खाली येणारं वजन पेलायचं होतं.

भूकंपानं भिंतीला आडवं हलवलं. चिखलाला दाब सहन होतो, ओढ सहन होत नाही. आतला थर आत कोसळला, बाहेरचा बाहेर, आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्याच परिसरात सिमेंटच्या सांध्यात बांधलेली विटांची घरं होती, ती बरीच तगली. वीट दगडापेक्षा कितीतरी कच्ची असते, हे लक्षात घ्या. कच्ची वीट टिकली आणि पक्का दगड पडला, तो सांध्यामुळं.

प्रयोगशाळेत चुकीचा प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर येऊनही उपयोग नसतो. दगडाला आपण विचारलं असतं, “किती वजन पेलशील?” खरा प्रश्न होता, “तुझ्या शेजाऱ्याला किती घट्ट धरशील?”

हा धडा जगाला आपल्या आधी शंभरेक वर्षं मिळाला होता. त्यासाठी जरा लंडनला जाऊन येऊ. डेव्हिड कर्काल्डी नावाचा स्कॉटलंडचा माणूस, जन्म १८२०, डंडी गावचा. ग्लासगोच्या जहाज कारखान्यात लोखंड-पोलादाचे तुकडे ओढून, तोडून बघण्याचं काम करायचा. तो काळ रेल्वेचा आणि लोखंडी पुलांचा. कारखानदार सांगेल ती लोखंडाची ताकद, आणि गिऱ्हाईकानं विश्वास ठेवायचा, असा कारभार. कर्काल्डीनं ठरवलं की विकणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचाही नाही, असा तिसरा माणूस तपासणीला पाहिजे. त्यानं लीड्सच्या कारखान्यातून ४७ फूट लांब आणि शंभर टनांहून जड असं पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र बनवून घेतलं आणि १८६६ मध्ये लंडनच्या सदर्क भागात प्रयोगशाळा थाटली. ओढणं, दाबणं, वाकवणं, पिळणं, सगळं एकाच यंत्रावर. पुढं नव्या इमारतीच्या दारावर त्यानं कोरून घेतलं, की इथं तथ्यं मिळतील, मतं नाहीत. आज ज्याला आपण थर्ड पार्टी टेस्टिंग म्हणतो, त्याच्या पहिल्या पेढ्यांपैकी ही एक.

२८ डिसेंबर १८७९ ला कर्काल्डीच्या जन्मगावालगतचा टे नदीवरचा रेल्वे पूल वादळी रात्री चालत्या गाडीसकट नदीत गेला. सुमारे ७५ माणसं मेली. चौकशीत पुलाचे तुकडे कर्काल्डीच्या यंत्रावर आले. खांबांना तिरपे आधार देणाऱ्या पट्ट्या ज्या बिडाच्या कानांना अडकवल्या होत्या, ते कान अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी ओढीला तुटत होते. खांब मोठे, पट्ट्या जाड, आणि दगा दिला छोट्याशा कानानं. म्हणजे पुन्हा सांधाच.

आपल्या देशात अशी सरकारी तपासणी आली रेल्वेच्या बोटाला धरून. १९१२ मध्ये कलकत्त्याच्या अलीपूरला गव्हर्नमेंट टेस्ट हाउस सुरू झालं, आजचं नॅशनल टेस्ट हाउस. तेव्हा नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात. मराठवाड्यातल्या गावखेड्यात घर बांधायचं तर तपासणी मिस्त्रीच्या हातात. दोन विटा एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा, नखानं ओरखडा काढून बघायचा, दगडावर हातोडी मारून खणखणतो की बद् वाजतो ते ऐकायचं. त्याला हसू नका. त्या परीक्षा आजही खऱ्या आहेत, विटेच्या बाबतीत तर पुस्तकातसुद्धा आहेत. पण त्यात आकडा नसतो. आकडा नसला की वाद मिस्त्रीच्या शब्दावर मिटतो, आणि मिस्त्रीनं कधी न पाहिलेलं संकट त्याच्या परीक्षेत येत नाही.

स्वातंत्र्यानंतर आकडे आले. काँक्रीट कसं तपासायचं याचं भारतीय मानक, आयएस ५१६, १९५९ चं. भूकंपाचा विचार करून बांधकाम कसं करायचं याचं मानक, आयएस १८९३, पहिल्यांदा निघालं १९६२ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर १९७० मध्ये देशाचा भूकंप नकाशा बदलला. त्या नकाशात लातूर कुठं होतं? पहिल्या झोनमध्ये. सगळ्यात कमी धोक्याच्या. १९९२ पासून किल्लारी परिसरात बारीक धक्के बसत होते, माणसं घाबरून अंगणात झोपायची, पण नकाशावर आपण सुरक्षित होतो. १९९३ नंतर तज्ज्ञांनी पुन्हा हिशेब केला आणि २००२ च्या आवृत्तीत पहिला झोनच काढून टाकला. लातूर गेलं तिसऱ्या झोनमध्ये. कोयना झाल्यावर एक नकाशा, किल्लारी झाल्यावर दुसरा. आपल्याकडं कागद माणसं गेल्यावर दुरुस्त होतो, हे कडू आहे पण खरं आहे.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी वसली. पण खरी मोठी शाळा भरली ती न पडलेल्या गावांत, जिथं घरं उभी होती पण तडकली होती. तिथं शिकवलं काय? माळवदावरची माती कमी करा. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरा, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतील. कोपरे जाळी लावून बांधा. नवं बांधताना दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा फिरवा. सगळे उपाय सांध्याचे. दगड बदला असं त्यात नव्हतं. तरीही बऱ्याच जणांनी जुन्या भिंतीला हात लावण्यापेक्षा त्याच पैशात एक नवी खोली बांधणं पसंत केलं. दगडाची भीती बसली होती ती बसलीच. आज आपल्या गावांत दगडी वाडा पाडून सिमेंटचं घर झालं की माणूस निर्धास्त होतो. इथंच माझी खरी काळजी सुरू होते.

कारण काँक्रीटचीही गोष्ट तीच आहे. क्यूब टेस्ट कशी होते ते बघा. पंधरा सेंटिमीटरचा लोखंडी साचा. कामावरचं ओलं काँक्रीट त्यात तीन थरांत भरायचं, प्रत्येक थराला सळईनं ३५ ठोसे. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून २८ दिवस पाण्याच्या टाकीत. मग यंत्राखाली ठेवून हळूहळू दाब वाढवायचा. एम-२० असेल तर ठोकळ्यानं साधारण ४५ टनांपर्यंत टिकलं पाहिजे. असे तीन ठोकळे मिळून एक नमुना. तिघांचे आकडे सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त भरकटले तर तो नमुनाच बाद. पद्धत चोख आहे, तिच्यात खोट नाही.

पण ठोकळा आणि स्लॅब यांचं नशीब वेगळं असतं. ठोकळा २७ अंशांच्या गार पाण्यात २८ दिवस डुंबतो. स्लॅब मे महिन्यात लातूरच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात भाजतो. मानक सांगतं की कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओलं ठेवा. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं त्या उन्हाळ्यात कोणत्या स्लॅबवर दहा दिवस पाणी पडलं असेल? ठोकळा पास होईल. स्लॅबला कोण विचारतंय?

ही झाली इमानदारीतली गोष्ट. बेइमानीतली अजून सोपी आहे. ठोकळ्यासाठी वेगळा माल कालवायचा, दोन घमेली सिमेंट जास्त टाकून. किंवा एकाच कामाचे ठोकळे चार कामांच्या नावानं पाठवायचे. या धंद्यातली माणसं चहा पिताना हे हसत सांगतात. यंत्र खोटं बोलत नाही. त्याच्या पुढ्यात जे ठेवलं, त्याचा खरा आकडा ते देतं. ते ठोकळे खरंच त्या कामावरचे होते का, हे यंत्राला कळत नाही. म्हणून पूर्ण तपासणीतला सगळ्यात नाजूक सांधा म्हणजे नमुना घेणारा हात. टे पुलाच्या त्या बिडाच्या कानासारखा.

आता सळईकडं या. आपल्या भागातली बरीच सळई जालन्याच्या कारखान्यांतून येते. तपासणी यूटीएमवर, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर. सळईचा तुकडा दोन जबड्यांत धरून ओढायचा. १६ मिलिमीटरची फे-५०० सळई साधारण दहा टनांपर्यंत ओढ घेते आणि मग ताणायला लागते. मधे मान बारीक होते, आणि मोठा आवाज होऊन तुटते. बहुतेक लोक विचारतात, किती टनाला तुटली? मला प्रयोगशाळेतल्या माणसांनी शिकवलेला प्रश्न दुसरा आहे. तुटायच्या आधी किती लांबली?

१६ मिलिमीटरच्या सळईवर ८० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करतात. तुटल्यावर दोन्ही तुकडे जुळवून ते अंतर पुन्हा मोजतात. साध्या फे-५०० ला किमान १२ टक्के लांबावं लागतं, फे-५००डी ला १६ टक्के. म्हणजे ८० ची जवळपास ९३. नावातल्या ‘डी’चा अर्थ एवढाच, की ही सळई जास्त ताणली जाते. भूकंपात ही १३ मिलिमीटर म्हणजे माणसाला पळायला मिळणारा वेळ. खांब वाकतो, तडे जातात, प्लास्टर पडतं, आणि घरातलं माणूस लेकराला उचलून बाहेर येतं. नुसती ताकद असलेली पण न ताणणारी सळई शेवटपर्यंत ताठ राहते आणि मग इशारा न देता तुटते. किल्लारीच्या भिंतीनं इशारा दिला नव्हता. म्हणून आपल्या भागात सळई घेताना ‘डी’ बघून घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आम्ही काय करायचं? आम्ही काही इंजिनियर नाही.

घर स्वतःचं बांधत असाल तर तीन गोष्टी हातात आहेत. एक, सळई वजन करून घ्या. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते, १६ मिलिमीटरची १ किलो ५८० ग्रॅम. थोडी सूट मानकातच आहे, पण फार कमी भरली तर ती सळई त्या मापाची नाही. दोन, स्लॅबच्या दिवशी स्वतः उभं राहून, गाडीतून किंवा मिक्सरमधून पडणाऱ्या मालाचे ठोकळे भरून घ्या आणि स्वतः प्रयोगशाळेत न्या. आपल्याकडं शासकीय तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, अशा प्रयोगशाळा फी घेऊन बाहेरचे नमुने तपासतात. तीन, पाणी मारा. टँकरचं मारा, पोत्याची तरटं ओली ठेवा, पण दहा दिवस मारा.

आणि सरकारी काम असेल तर? इथं एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या दिली आहे. आपण समजतो, माहिती म्हणजे कागदाच्या झेरॉक्स. त्या व्याख्येत कामाची पाहणी करण्याचा हक्क आहे, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. सिमेंट, वाळू, सळई, डांबर. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. कर्काल्डीनं जो तिसरा माणूस उभा केला होता, ती जागा आपल्या कायद्यानं गावातल्या कोणत्याही नागरिकाला दिलेली आहे. आपण ती रिकामी ठेवलीय.

झालेल्या कामाबद्दल शंका असेल तर त्याचीही सोय मानकात आहे. आयएस ४५६ सांगतं की तयार काँक्रीटमधून किमान तीन गाभे, म्हणजे कोअर, काढून तपासा. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. कोअर टेस्टमध्ये खास कालवलेला ठोकळा चालत नाही. ती प्रत्यक्ष स्लॅबलाच विचारते.

जाता जाता एक आठवण. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला. उद्घाटनाला नऊ महिनेही झाले नव्हते. त्याआधीच नट-बोल्टना गंज चढल्याचं पत्र बांधकाम खात्याकडून गेलेलं होतं. छत्रपतींच्या पुतळ्याची ही गत, तर आपल्या वस्तीशाळेच्या खोलीची काळजी कोण करणार?

येत्या ३० सप्टेंबरला किल्लारीला श्रद्धांजलीचे कार्यक्रम होतील, नेते येतील, पुष्पचक्रं वाहतील. त्याच दिवशी आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन एकच अर्ज द्या. यंदा बांधलेल्या शाळाखोलीचे, अंगणवाडीचे, पुलाचे क्यूब टेस्ट रिपोर्ट मागा. ठोकळे कोणत्या तारखेला भरले, कोणत्या तारखेला फोडले, दोन्ही तारखांत २८ दिवस आहेत का, ते बघा. ठोकळे भरल्याची तारीख आणि गावात प्रत्यक्ष स्लॅब पडल्याची तारीख जुळते का, ते बघा. स्लॅब कधी पडला हे गावातल्या प्रत्येकाला आठवत असतं, त्या दिवशी जेवण असतं. एवढ्या दोन गोष्टी तपासायला डिप्लोमा लागत नाही.

ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी सांगा, लिहून देतो.